मागितले एक, दाखविले भलतेच

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी जालन्यातील एका रोलिंग मिलमधला आमचा एक तरुण सहकारी आमच्याकडे आला, तो उजव्या हाताला पट्टी बांधूनच. भट्टीतून निघालेली तांबडीलाल सळई सांडशीने धरून पुढे सरकवावयाची, हे त्याचे काम. ह्या कामाला लागणारे हातमोजे ठेकेदाराने द्यावयाचे असतात. त्याने ते दिले नव्हते. तो झगडा निराळा आहे आणि तो आम्ही निराळ्या ठिकाणी लढतो. वाट पाहून कंटाळलेल्या ह्या मुलाने शेवटी स्वतःच्या पैशांनी, मोबाईलवरच्या एका बाजारातून हातमोजे मागविले. शोधाच्या चौकटीत त्याने लिहिले होते, 'भट्टीचे हातमोजे'. त्यावर त्याला दिसले ते असे: थंडीत घालावयाचे लोकरी मोजे, मोटारसायकलवाल्यांचे बोटे उघडी असलेले मोजे, भांडी घासण्याचे रबरी मोजे, आणि सर्वांच्या वर, मोठ्या चित्रासह, केक भाजताना वापरावयाचे फुलाफुलांचे जाड मोजे. वर्णनात 'हीट प्रूफ' हे शब्द होते. त्याने तेच घेतले. पहिल्याच पाळीत तळव्याकडचा भाग वितळून बोटांना चिकटला. दोन बोटे भाजली आणि आठ दिवसांची मजुरी बुडाली.

आम्ही त्याला विचारले, हे झाले कसे? तो म्हणाला, "चूक माझीच झाली काका. मला ते नीट शोधता येत नाही."

हे वाक्य आम्हांला फार लागले. कारण तेच आम्ही पूर्वीही ऐकले आहे. निवृत्त शिक्षकाने चष्म्याची दोरी शोधावी आणि त्याला चष्मे, गॉगल व मोबाईलचे आवरण दिसावे; गृहिणीने मिक्सरच्या भांड्याचे झाकण शोधावे आणि तिला आख्खे मिक्सर दाखविले जावेत; आणि दोघांनीही म्हणावे, आम्हांला ते जमत नाही. सगळी माणसे अडाणी आणि यंत्र तेवढे शहाणे, असे कसे असेल? म्हणून आम्ही ह्या विषयात जरा डोके घातले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

शिव्या देण्यापूर्वी कारखाना आतून पाहावा, अशी आमची जुनी सवय आहे. तेव्हा प्रथम हे यंत्र शोधते कसे, ते पाहू. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. 'कापूस' हा शब्द कोणकोणत्या पानांवर आहे हे पाहण्यासाठी पुस्तक पुन्हा वाचावे लागत नाही; सूचीत पाहिले की पानांचे आकडे मिळतात. मोबाईलवरील बाजाराने आपल्या कोट्यवधी वस्तूंच्या वर्णनांची अशीच एक अवाढव्य सूची आधीच करून ठेवलेली असते. आपण दोन शब्द लिहिले की यंत्र गोदामात जात नाही. ते सूची उघडते, दोन्ही शब्दांखालच्या याद्या काढते आणि ताडून पाहते. म्हणूनच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर येते. परंतु ह्याचा अर्थ असाही आहे की यंत्राने हातमोजा कधी पाहिलेला नाही. त्याने मोज्याचे वर्णन वाचले आहे, आणि ते वर्णन मोजा विकणाऱ्याने लिहिलेले आहे.

हजारो वस्तू जुळल्या तर वर कोणती ठेवावयाची? कॅरेन स्पार्क जोन्स ह्या इंग्रज विदुषीने १९७२ मध्ये ह्याविषयी एक फार साधी आणि फार मोलाची गोष्ट मांडली. जो शब्द सर्वच कागदांत आहे तो आपल्याला काही सांगत नाही. जो थोड्याच कागदांत आहे, तो नेमके सांगतो. म्हणून विरळ शब्दाला वजन अधिक द्यावे. आमच्या मुलाच्या मागणीत 'हातमोजे' हा सामान्य शब्द होता. सारी अक्कल 'भट्टी' ह्या शब्दात होती. जालन्यातील कोणत्याही हार्डवेअरवाल्याला हे शिकवावे लागत नाही. 'भट्टी' म्हटले की तो विचारतो, लोखंडाची का बेकरीची?

क्रॅनफील्ड येथील ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन ह्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत शोधाच्या पद्धती प्रयोगाने तपासल्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले. उपयोगाचे जेवढे होते त्यांतले किती सापडले? आणि जेवढे सापडले त्यांतले किती उपयोगाचे होते? त्यांना असे आढळले की एक वाढवावे तर बहुधा दुसरे घटते. हे जालनेकरांस समजावून सांगावयास नको. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि तेव्हापासून बियाणे चाळणे हा ह्या गावाचा एक मोठा धंदाच झाला आहे. चाळणी बारीक भोकांची घेतली तर काही चांगले दाणेही अडतात. मोठ्या भोकांची घेतली तर खडा-कचरा दाण्यांबरोबर खाली येतो. भोक केवढे ठेवावे हे, कचरा निवडण्याचे कष्ट कोणी करावयाचे, ह्यावर ठरते. बियाण्याच्या कारखान्यात कचरा राहिला तर नाव कारखान्याचे जाते. मोबाईलच्या बाजारात कचरा राहिला तर तो निवडत गिऱ्हाईक बसते, आणि वर स्वतःलाच दोष देते. मग दुकानदाराने बारीक चाळणी का वापरावी?

त्यात अलीकडची यंत्रे नुसते शब्द जुळवीत नाहीत. शब्दांचे आकड्यांत रूपांतर करून ती अर्थाची जवळीक मोजतात. ही युक्ती खरोखर सुंदर आहे. 'पादत्राण' लिहिले तरी चप्पल सापडते, ती ह्यामुळेच. पण एक खोट आहे. जवळचे काही ना काही तरी नेहमीच असते. म्हणून हे यंत्र 'नाही' असे सहसा म्हणतच नाही. आमच्या गावातला दुकानदार सरळ सांगतो, आपल्याकडे नाही, पलीकडच्या गल्लीत बघा. तेवढ्याने अर्धा तास वाचतो. ग्रंथालयशास्त्राचे आपले थोर आचार्य रंगनाथन ह्यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम घालून दिले, त्यांत वाचकाचा वेळ वाचविणे हा एक आहे. आम्हांला जे थोडेबहुत ज्ञान झाले ते ग्रंथालयांच्या बाकांवर झाले; पुस्तक नसेल तर ग्रंथपाल 'नाही' म्हणत, आणि त्यांचा तो नकारसुद्धा उपयोगी पडे.

आता मराठीचा मुद्दा. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट ह्यांनी मराठीतून व्यवहार करावा अशी मागणी लावून धरली. त्या डिसेंबरात तोडफोडही झाली. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपले दुकान मराठीतून उघडले. हे योग्यच झाले. पण पाटी मराठीत रंगविली म्हणून आतला कारकून मराठी शिकला असे होत नाही. माल विकणारे वर्णन बहुधा इंग्रजीत लिहितात. तेव्हा मराठी शब्द आला की यंत्राला तो इंग्रजीकडे वळवून न्यावा लागतो, आणि वळणावर गाडी कलंडते. 'भट्टी' ह्या एका शब्दात लोहाराची भट्टी आहे, विटांची आहे, बेकरीची आहे आणि दारूचीही आहे. यंत्राने बेकरीची निवडली. आम्ही स्वतः एकदा 'कोळपे' लिहून पाहिले. सोयाबीनमध्ये कोळपणी करणारा कोणीही शेतकरी हा शब्द जाणतो. यंत्राला वाटले की आम्ही लिहिण्यात चुकलो, आणि त्याने आम्हांला कोळसा दाखविला! पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात. एका 'खुरपे' शब्दाची त्यांत चार-पाच रूपे होतात. हे सारे अडचणीचे आहे, पण ह्यात लबाडी नाही. हे अज्ञान आहे, आणि अज्ञान मेहनतीने दूर होते.

लबाडीची सुरुवात विकणाऱ्यापासून होते. यंत्र शब्द पाहते हे कळल्यावर त्याने शब्दांचा मारा सुरू केला. त्या फुलाफुलांच्या मोज्याचे नाव आम्ही मुद्दाम मोजून पाहिले. त्यात एकोणतीस शब्द होते: ओव्हन, किचन, गार्डन, वेल्डिंग, ग्रिल, स्त्री, पुरुष, असे बरेच. जत्रेतील वैदूच्या पाटीवर मूळव्याधीपासून मोतीबिंदूपर्यंत सर्व रोग असतात, त्यांतलीच ही जात. वेल्डिंगचा त्या मोज्याशी काडीचा संबंध नव्हता. पण सूचीत 'वेल्डिंग' खाली त्याचा आकडा लागला, आणि जो वेल्डर शोधील त्याच्यापुढे तो उभा राहणार हे ठरून गेले.

तरीही ही लबाडी लहान माणसाची आहे. तो मोजा पहिल्या ओळीत आला तो शब्दांच्या गर्दीमुळे नव्हे. त्याच्या चित्राखाली करड्या रंगात, बारीक अक्षरांत एक शब्द होता: 'प्रायोजित'. आमच्या मुलाने तो वाचला होता. त्याला वाटले, 'प्रमाणित' म्हणतात तसेच हे काहीतरी चांगले असावे. 'प्रायोजित' म्हणजे पैसे भरून पुढे बसविलेले, हे त्याला कोणी सांगितले नव्हते; आणि खरे सांगावयाचे तर, मराठी घेऊन पदवीधर झालेल्या माणसालाही ह्या शब्दावरून पैशाचा वास येणार नाही.

हा व्यवहार असा चालतो. 'हातमोजे' हा शब्द कोणी लिहिला की त्या पानावरची वरची जागा लिलावात निघते. समजा, तीन विक्रेते आहेत. एक म्हणतो, माझ्या चित्रावर बोट ठेवले की मी पाच रुपये देईन. दुसरा आठ म्हणतो, तिसरा बारा. यंत्र बोली पाहते, शिवाय गिऱ्हाईक बोट ठेवण्याचा संभव किती हेही पाहते, आणि क्षणात जागा देऊन टाकते. आता, ह्या लिलावाच्या दाराशी एक पहारेकरी असावयास हवा. त्याने केकवाल्याला सांगावयास हवे की बाबा, हा माणूस लोखंडाच्या भट्टीवर काम करतो, तुझा येथे काय संबंध? पहारेकरी कडक असेल तर बोली लावणारे कमी आणि मालकाचे उत्पन्न कमी. पहारेकरी ढिला असेल तर बोली लावणारे पुष्कळ. दार किती सैल ठेवावयाचे हे यंत्र ठरवीत नाही. ते पगारी माणसे ठरवितात, आणि त्यांना मालक सांगतो.

हा आमच्या मनाचा खेळ नाही. २६ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सतरा राज्यांसह अ‍ॅमेझॉनवर दावा लावला. त्या दाव्यात असा आरोप आहे की गैरलागू जाहिरातींना कंपनीत आतल्या आत 'डिफेक्ट', म्हणजे दोष, असेच म्हणत. आणि हे दोष वाढले तरी चालतील, जाहिराती वाढवा, असा हुकूम खुद्द संस्थापक जेफ बेझोस ह्यांनी दिला. पाण्याच्या बाटल्या शोधणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हरणाचे मूत्र ठेवले गेल्याचे उदाहरण त्यात आहे. (शिकारी लोक हरणांना भुलविण्यासाठी ते वापरतात, अशी आम्ही चौकशी केली, नाहीतर आम्हांलाही हे कोडेच होते.) कंपनीला हे आरोप मान्य नाहीत. पण एक आकडा तिनेच जाहीर केलेला आहे: २०२४ ह्या एका वर्षात तिला जाहिरातींपासून ५६ अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले. माल विकण्यावरची दलाली वेगळी, गोदामाचे भाडे वेगळे. हे नुसते जाहिरातींचे पैसे.

हे पैसे कोण देतो? विक्रेता देतो असे दिसते. पण तो ते खिशातून घालीत नाही, मालाच्या किंमतीत घालतो. आणि ज्या प्रामाणिक विक्रेत्याचा चामड्याचा मोजा आपल्या गुणाने पहिल्या ओळीत बसला असता, त्यालाही केकवाल्याने ढकलून दिल्यावर आपलीच जागा विकत घ्यावी लागते. जालन्यातला एखादा लहान कारागीर बारा रुपयांची बोली कोठून लावणार?

हिंदुस्थानातही ह्याचे पडसाद उमटले आहेत. रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनची अंतर्गत कागदपत्रे पाहून असे वृत्त दिले की येथे कंपनीने स्वतःच्या छापाचा माल शोधाच्या पहिल्या दोन-तीन जागांत यावा अशी व्यवस्था केली होती. कंपनीने ते नाकारले. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्येच अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट ह्यांच्या चौकशीचा आदेश दिला होता. ठराविक विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते, हा त्यातला एक मुद्दा होता.

येथे आम्हांला आमचा मोंढा आठवतो. मोंढ्यात ज्यांनी पाठीवर पोती वाहिली त्या जुन्या हमालांकडून आम्ही ऐकले आहे की एके काळी आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत. शेतकरी समोर उभा असे. माल त्याचा, भाव दुसऱ्यांच्या बोटांत. वर कडता कापला जाई, धर्मादायाच्या नावाने काही जाई, मापात काही जाई. शेतकऱ्यालाही तेव्हा हेच वाटे की आपल्याला बाजारातले कळत नाही. निजामाच्या राज्यात १९३० साली शेतमालाच्या बाजाराचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कायदा आला. त्यांनी काय केले? माणसे देव झाली नाहीत. पण लिलाव उघड्यावर आला. आडत्याला, मापाड्याला, हमालाला परवाना लागू लागला. काट्यावर समितीची नजर आली. कापलेला प्रत्येक पैसा हिशेबपट्टीवर लिहावा लागू लागला. आजही मोंढ्यात सर्व आलबेल आहे असे आम्ही म्हणणार नाही, म्हटले तर हमाल आम्हांला हसतील. परंतु आज भाव कसा निघाला, हे शेतकरी विचारू शकतो आणि ते दाखविण्यास समोरचा बांधलेला असतो. मोबाईलच्या बाजारात बाजार समिती, आडत्या, मापाडी आणि कित्येकदा व्यापारी, हे चारही एकच कंपनी आहे. काटाही तिचा, रुमालही तिचा.

कायदा अगदीच झोपलेला आहे असेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम निघाले. त्यांत असे स्पष्ट आहे की वस्तूंचा वा विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो आणि त्या निकषांचे एकमेकांशी वजन काय, हे अशा बाजाराने सोप्या भाषेत सर्वांना दिसेल असे लिहून ठेवावे. आम्ही हे लिखाण शोधले. एका ठिकाणी ते सापडले, पानाच्या पार तळाशी, इंग्रजीत. सोपे म्हणावे असे त्यात काही नव्हते. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने गिऱ्हाइकाला फसविणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी जाहीर करून त्यांस बंदी केली. वेष पालटून आलेली जाहिरात ही त्यांतली एक आहे. करड्या रंगातला तो 'प्रायोजित' वेष पालटलेला आहे की नाही, ह्यावर वाद घालता येईल. आमचे मत आम्ही लपवीत नाही. त्याऐवजी 'पैसे घेऊन दाखविले' असे काळ्या ठळक अक्षरांत छापावे, म्हणजे वाद मिटेल. मागणी एवढीच आहे आणि ती करण्यास संगणकशास्त्र शिकावे लागत नाही.

तोवर आपण काय करावे? पहिल्या ओळीला पहिला मान देऊ नये. 'प्रायोजित' शब्द दिसला की खाली सरकावे. नावात वीस-तीस शब्द असतील तर ती वैदूची पाटी समजावी. वस्तूबरोबर तिचे द्रव्यही लिहावे: नुसते 'हातमोजे' न लिहिता 'चामड्याचे हातमोजे, कोपरापर्यंत' असे. आणि फसगत झाली तर गप्प बसू नये. अशा प्रत्येक बाजाराला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निकाल द्यावयाचा असतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचे कार्यालय बंगलोरला असो की मुंबईला, आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी पडत नाही. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या मुलाच्या बाबतीत विक्रेत्याने प्रथम, वापरलेला माल परत घेत नाही, असे कळविले. आम्ही १९१५ वर तक्रार नोंदविली. तीन आठवड्यांनी मोज्यांचे पैसे परत आले. बुडालेल्या मजुरीविषयी कोणी बोलले नाही. मग आम्ही त्याला घेऊन गावातल्याच एका हार्डवेअरच्या दुकानी गेलो. दुकानदाराने मोजे दाखविण्यापूर्वी विचारले, "सळई हातात धरायची का नुसती सांडशी? रोज किती तास?" उत्तर ऐकून त्याने वरच्या फळीवरून कोपरापर्यंतचे चामड्याचे जोड काढून दिले. ते मोजे अजून चालू आहेत. फुलाफुलांच्या जोडातला वितळलेला उजवा फेकून दिला. डावा त्याच्या आईने ठेवून घेतला आहे. भाकरीचा तवा उतरविण्यास तो फार चांगला आहे, असे ती म्हणते.